उभी दुनळी निवडताना: क्ले नेमबाजीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

कराडजवळच्या आमच्या जुन्या घरात थोरल्या चुलत्यांची, आण्णांची, एक आडवी दुनळी होती. शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. उसात डुकरं शिरली की आण्णा रात्री बांधावर जाऊन एक बार काढायचे आणि परत येऊन झोपायचे. बंदूक म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे तीच यायची: शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन चाप, गाल घासून गुळगुळीत झालेला दस्ता. पुढे क्ले नेमबाजीच्या, म्हणजे हवेत सुटलेल्या तबकड्या फोडायच्या खेळाच्या, रेंजवर पहिल्यांदा गेलो, तर तिथं प्रत्येकाच्या हातात वेगळंच हत्यार. नळ्या एकीवर एक, चाप एकच. कॅटलॉगमध्ये तिला ओव्हर-अंडर म्हणतात, आम्ही आपापसात उभी दुनळी म्हणतो.

ट्रॅप आणि स्कीट या क्लेच्या दोन प्रकारांत हीच बंदूक का चालते, याची कारणं साधी आहेत. डोळ्यासमोर नळीवरची एकच अरुंद पट्टी येते, त्यामुळे उडती तबकडी झाकली जात नाही. खालच्या नळीतून पहिला बार सुटला की धक्का जवळजवळ सरळ खांद्यात येतो, नळीचं तोंड फारसं उडत नाही आणि दुसरा बार लवकर लागतो. शिवाय दोन नळ्यांना दोन वेगळे चोक, म्हणजे छऱ्यांचा पसारा आवळणारी नळीची तोंडं, ठेवता येतात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून सातारा, विटा, तासगाव, मिरज इकडची मुलं नेमबाजीबद्दल विचारू लागली आहेत. बहुतेकांचा ओढा एअर रायफलकडे असतो. शॉटगनकडे, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीकडे, वळणारे मोजकेच, आणि त्यांना सांगणारं माणूस जवळ नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी शिकारीचा विषय मिटवू

विचारणाऱ्यांत एखादा हळूच म्हणतो, "आणि रानात तित्तर, लावं?" नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यापक्ष्यांच्या शिकारीचे परवाने मिळत, १९९१ च्या दुरुस्तीनं तेही बंद झाले. तित्तर, लावा, पखुर्डी, रानकोंबडा, मोर, यातलं काहीही मारणं गुन्हा आहे. कोयना, चांदोली, सागरेश्वर, मायणी ही राखीव रानं तर सोडाच, स्वतःच्या माळावरही. शेतसंरक्षणाचा परवाना असला म्हणून पाखरावर बंदूक धरता येत नाही. ज्याला पाखरासाठी बंदूक हवी आहे, त्यानं माळावर दुर्बीण घेऊन जावं. तिथला आनंद कमी नाही, हे मी मनापासून सांगतो.

मग शिकारीच्या बंदुकीची माहिती करून घ्यायचीच कशाला? कारण परदेशात पाखरांच्या शिकारीसाठी बनलेली, ‘फील्ड’ प्रकारची उभी दुनळी आपल्याकडच्या जुन्या मालात बरीच येते, आणि नवखा माणूस ती क्लेसाठी घेऊन बसतो. रानात दिवसभर चालायचं आणि चार-पाच बार काढायचे, या हिशेबानं ती हलकी असते, तीन किलोच्या आसपास. रेंजवर एका सकाळी शंभर बार सहज होतात. तेवढे धक्के हलक्या बंदुकीतून घेतले की तिसऱ्या फेरीत माणूस चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायला लागतो. क्लेची बंदूक साडेतीन ते चार किलोची असते. वजन हाताला जड वाटतं, पण तेच धक्का पितं आणि नळ्यांची चाल गुळगुळीत ठेवतं.

फील्ड बंदूक ओळखायची दुसरी खूण म्हणजे सेफ्टी. लिव्हर दाबून बंदूक उघडली की सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, आपोआप लागते. रानात ती सोय आहे. रेंजवर मात्र तुम्ही "पुल" म्हणता, तबकडी सुटते, तुम्ही चाप ओढता आणि काहीच होत नाही. क्लेच्या बंदुकीची सेफ्टी हातानंच लावायची असते.

पहिली पायरी: दुसऱ्याच्या बंदुकीतून बार काढा

बंदूक घ्यायच्या आधी क्लबचं सदस्यत्व घ्या आणि क्लबच्या बंदुकीतून, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, निदान चार-पाचशे काडतुसं उडवा. त्यासाठी मला दर पंधरवड्याला जिल्ह्याबाहेर जावं लागे. पहाटे चारला निघायचं, दुपारी उशिरा परत. तो प्रवास वाया गेला नाही. चार वेगवेगळ्या बंदुका हाताळल्याशिवाय आपल्याला काय हवं आहे तेच कळत नाही.

त्याच काळात आपला प्रमुख डोळा कोणता ते तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्या विजेच्या खांबावर बोट रोखा, मग डावा डोळा मिटा. बोट खांबावरच राहिलं तर उजवा डोळा प्रमुख. बोट बाजूला सरकलं तर डावा. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रमुख असेल, तर सगळे बार तबकडीच्या डावीकडून जातात आणि माणूस वर्षभर बंदुकीला दोष देत बसतो. शिकायला सुरुवातच असेल तर डाव्या खांद्यावरून मारायला शिकणं उत्तम. नाहीतर चष्म्याच्या डाव्या काचेवर, प्रमुख डोळ्याच्या अगदी समोर, नखाएवढी अर्धपारदर्शक पट्टी चिकटवतात. डावखुऱ्यांनी दस्ता डावीकडे वळवलेली बंदूकच शोधावी.

परवान्याचं काम याच वेळी सुरू करा

साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. तुमच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होऊन अहवाल जातो. वय २१ पूर्ण लागतं आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. कारणाच्या रकान्यात खेळ लिहा आणि क्लबच्या सदस्यत्वाचे कागद, स्पर्धेत भाग घेतला असेल तर त्याचं पत्र सोबत लावा. महिने जातात, धीर धरा.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. घरातली आजोबांची जुनी बंदूक तुमच्या नावावर असेल तर तीही या दोनांत मोजली जाते, हे बरेच जण विसरतात. काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती, हेही परवान्यावर लिहिलेलं असतं. सरावाला लागणारा आकडा मोठा असतो, तेव्हा अर्जातच तो मागा.

खासगी माणसाकडून बंदूक घेणार असाल तर विकणाऱ्यानं आधी दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं असतं. "पैसे द्या, बंदूक आज घेऊन जा, कागद मागनं करू" असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन परत या.

आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. खेळाडू म्हणून सूट हवी असेल तर क्लबच्या पत्रासह अर्ज लगेच द्या.

ट्रॅप की स्कीट

बंदुकीचा आकार यावर ठरतो. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये समोरच्या खंदकात १५ यंत्रं असतात, तीन-तीनचे पाच गट. नेमबाज १५ मीटर मागं उभा असतो. बंदूक आधीच खांद्याला लावलेली चालते. तबकडी समोरून दूर पळत जाते आणि वर चढत असते, म्हणून ट्रॅपच्या बंदुकीचा दस्ता गालाजवळ थोडा उंच ठेवतात. बार किंचित वर लागतो आणि तबकडी झाकावी लागत नाही. नळ्या ३० ते ३२ इंच, चोक घट्ट.

स्कीटमध्ये दोन घरं असतात, एक उंच, एक बुटकं. आठ जागांवरून मारायचं. तबकड्या डोळ्यासमोरून आडव्या जातात. "पुल" म्हटल्यावर तबकडी लगेच किंवा तीन सेकंदांपर्यंत केव्हाही सुटते आणि ती दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळच्या खुणेलाच ठेवावा लागतो. म्हणजे बंदूक झटक्यात खांद्यावर यायला हवी. नळ्या २८ ते ३० इंच, चोक मोकळे, दस्त्याची टाच गोलसर, जॅकेटमध्ये अडकणार नाही अशी.

अजून ठरत नसेल तर ३० इंची नळ्या, बदलता येणारे चोक आणि कमी-जास्त करता येणारी गालपट्टी असलेली ‘स्पोर्टिंग’ प्रकारची बंदूक घ्या. दोन्हीकडे निभावते. सुरुवातीला मी तरी हीच सुचवतो.

बोअर बाराच घ्या. नळीच्या व्यासाच्या १२ शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतो, म्हणून ती बारा बोअर. वीस बोअर हलकी आणि देखणी असते, पण तिचं काडतूस लहान, छरे कमी.

अंगाला बसते का?

इथं मी फसलो, म्हणून इथं जास्त थांबतो.

माझी पहिली उभी दुनळी मी कोरीवकाम पाहून घेतली. बाजूच्या पत्र्यावर उडणारी बदकं, दस्त्याला मधासारखा रंग. दुकानात खांद्याला लावली, छान वाटली, पैसे दिले. रेंजवर पहिल्या पंचवीस तबकड्यांत सात फुटल्या. दुसऱ्या फेरीनंतर गालाच्या हाडावर निळा डाग. दस्ता माझ्यासाठी जवळजवळ इंचभर लांब होता, आणि गाल नीट टेकला की डोळा पट्टीच्या खाली जायचा. मग मी नकळत मान उचलायचो, आणि मान उचलली की बार वरून जातो. सहा महिने मी स्वतःला नालायक समजत होतो. त्या दुकानदारानं मला एकदाही विचारलं नाही की तुझी उंची किती, हात किती लांब. मीही विचारलं नाही, ही चूक माझी.

तेव्हा आण्णांना दाखवायला बंदूक घरी आणली. त्यांनी ती रिकामी आहे ना ते उघडून पाहिलं, मला मिटून दिली आणि म्हणाले, "डोळं मीट. आता लाव खांद्याला. उघड डोळं. काय दिसतंय?" मला नळ्यांचा मागचा भाग दिसत होता, पट्टी दिसतच नव्हती. आण्णा म्हणाले, "आरं, बंदूक गालाकडं आली पायजे. तू मान मोडून तिच्याकडं जातुयास."

दुकानात हीच परीक्षा करा. बंदूक उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागा, रिकामे असल्याची स्वतः खात्री करा, दुकानदारालाही दाखवा आणि सुरक्षित दिशेला धरा. डोळे मिटून सहज खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. पट्टी अगदी सपाट, टोकाचा मणी मधोमध, पट्टीचा अगदी थोडा पृष्ठभाग दिसतो आहे, असं असेल तर जमलं. पट्टी रस्त्यासारखी लांबलचक दिसली तर दस्ता उंच आहे, दिसलीच नाही तर बुटका. मणी डावी-उजवीकडे गेला तर दस्त्याचं वळण चुकतं आहे. पाच वेळा करा. दर वेळी तेच दिसलं पाहिजे.

लांबीचा अंदाज असा: चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत बाजारात साधारण साडेचौदा इंच असतात. खांद्याला लावल्यावर नाक आणि चापाकडच्या हाताचा अंगठा यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहायला हवं. नाकाला अंगठा लागत असेल तर दस्ता आखूड आहे. लावताना काखेत अडकत असेल तर लांब. आपल्याकडच्या बहुतेकांना, आणि मुलींना तर नक्कीच, युरोपातला दस्ता लांब पडतो. आखूड करणं सोपं, वाढवायला मागं पॅड लावता येतं. नेहमी मारताना घालता तेच जॅकेट घालून मापं घ्या.

गालाची उंची का जपायची, तर पंधरा मीटरवर दस्त्यातला दीड मिलिमीटरचा फरक बाराला अडीच सेंटिमीटर हलवतो. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर. ३५ मीटरवर हा फरक किती वाढेल, हिशेब करून बघा.

मिरजेतली मंडळी हे चटकन समजतात, असा माझा अनुभव आहे. सतार वाजवणाऱ्याच्या बैठकीला आणि हाताला बसावी लागते हे तिथं पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. दस्त्याचंही तसंच. मात्र दस्त्याचं काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या, ओळखीच्या सुताराकडे देऊ नका.

नाव, यंत्र, किंमत

सर्वसामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून ‘रिनाउन्ड शॉट’ ठरलेल्या खेळाडूंना ती सवलत आहे. त्यामुळे तुमची पहिली बंदूक बहुधा वापरलेली असेल आणि व्यवहार लाखांतला असेल.

इटलीतल्या ब्रेशियाजवळची बेरेटा, १५२६ पासूनची. तिच्या नळ्यांना बाजूच्या दोन खिळांनी कुलूप बसतं, म्हणून बंदूक उथळ आणि हातात खाली बसते. ६८६ आणि ६८२ या मालिका मी नवख्यांना निःशंक सुचवतो, सुटे भाग बदलायला सोपे आहेत. ब्राउनिंगची रचना जॉन ब्राउनिंगची. १९२६ मध्ये तो गेला, मुलगा व्हॅल यानं काम पूर्ण केलं. नळ्यांखालून आरपार जाडजूड बिजागर, त्यामुळे थोडी उंच, पण दणकट. जपानची मिरोकू त्याच घराण्यातली, आणि वापरलेली मिळाली तर सोडू नका. पेराझीची एमएक्स-८ ही १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वेळची. चापाचं अख्खं यंत्र हातानं बाहेर निघतं, स्प्रिंग तुटली तर रेंजवरच बदलता येते. जर्मनीच्या क्रीगहॉफ आणि ब्लेझर उत्तम, पण पहिल्या बंदुकीला तेवढे पैसे घालू नका. वाचलेल्या पैशांची काडतुसं घ्या.

चापाचे दोन प्रकार असतात. एकात पहिल्या बाराच्या धक्क्यानंच दुसऱ्या नळीचा चाप तयार होतो. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर दुसरा बार निघत नाही. दुसरा प्रकार यांत्रिक, त्याला धक्का लागत नाही. कोणता आहे ते विचारून घ्या.

जुनी बंदूक तपासताना

नळ्या उतरवून आकाशाकडे धरा आणि आतून पाहा. प्रकाशाची वर्तुळं नितळ, एकात एक दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ मोडलं असेल तर तिथं पोचा किंवा फुगा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. मग नळ्या मागच्या आकड्यातून बोटावर लोंबत्या धरून नखानं टकटक करा. घंटेसारखा नाद आला तर सांधे पक्के, बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठंतरी सुटली आहे.

पुढची लाकडी मूठ, फोरएंड, काढून बंदूक मिटा आणि दस्ता धरून हलवा. खडखडली तर बिजागर झिजलं आहे. वरची लिव्हर पाहा. नव्या बंदुकीत मिटल्यावर ती मध्यापेक्षा थोडी उजवीकडे थांबते. डावीकडे गेली असेल तर कुलूप झिजलं. दुरुस्त होतं, पण किंमत त्या हिशेबानं पाडा.

दस्ता जिथं पोलादाला भिडतो तिथं केसासारखी चीर आहे का, ते भिंगानं बघा. चोकचे आटे हातानं फिरवून बघा. स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतुसं, घालून दोन्ही नळ्यांसाठी चाप आणि रिकामं काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर तपासा.

शेवटी चेंबरची लांबी. नळीवर ६५, ७० किंवा ७६ (मिलिमीटर) कोरलेलं असतं. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची असते. न उडालेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये निमूट बसतं, आणि बार काढला की तोंड उघडायला जागा नसल्यानं दाब वाढतो. जुन्या इंग्लिश बंदुकांबाबत ही चौकशी चुकवू नका.

काडतूस, चोक, कागद

स्पर्धेत छऱ्यांचं वजन २४ ग्रॅमपर्यंत. ट्रॅपला साडेसात नंबरचे छरे, स्कीटला नऊ. सरावालाही २४ ग्रॅमच वापरा, खांदा टिकतो. साधारण ३६ मीटरवर ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात फुल चोक सुमारे ७० टक्के छरे ठेवतो, मॉडिफाइड ६०, इम्प्रूव्हड सिलिंडर ५०. पण प्रत्येक बंदूक वेगळी. मोठा कागद लावून एकाच जागेवर पाच-सहा बार काढा, दर बाराला नवा कागद. खालची आणि वरची नळी एकाच जागी मारते का, पसाऱ्याचा मध्य कुठं येतो, हे कागद सांगतो. विकत घ्यायच्या आधी ही संधी मिळाली तर फारच चांगलं.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. बारा आणि वीस बोअरची काडतुसं एका पिशवीत कधीही नको. विसाचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढं अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, माणूस वर बाराचं घालतो आणि नळी हाताजवळ फुटते. विसाचं काडतूस पिवळं करण्याची पद्धत त्यासाठीच आहे. खिशात पिवळं दिसलं की थांबा. बाकी चष्मा, कानाचे बोळे आणि जागेवर जाईपर्यंत उघडी बंदूक, हे पहिल्या दिवसापासून.

आपला पावसाळा

महाबळेश्वर, पाटणकडच्यांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर कातडी म्यान म्हणजे ओल धरून ठेवणारी पिशवी. बंदूक म्यानात घालून कपाटात ठेवू नका. पुसून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलपाच्या पेटीत ठेवा आणि आठवड्याला एकदा काढून बघा. नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेला गंज आधी धरतो, तिथं जुना दातघासणीचा ब्रश चालवा. काडतुसं वेगळ्या कुलपात.

पेटीत बंदूक उभी ठेवायची तर नळ्यांची तोंडं खाली करून, खाली जाड कापड घालून ठेवा. दस्ता खाली ठेवला तर तेल महिनोन्महिने झिरपत लाकडात उतरतं. आण्णांच्या दुनळीचा दस्ता पोलादाजवळ काळा पडला होता, आम्हाला तो वापराचा डाग वाटायचा. गनस्मिथनं खोलून दाखवलं, तर आतलं लाकूड नखानं दबत होतं.